घाट उतरताना खटखट, चढताना गप

या वेळी आलेली पत्रं जवळपास सगळी गाडीच्या आवाजाचीच आहेत, म्हणून पंक्चर-टायरवाले प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं आहे, पण ते लांबायलाच पाहिजे होतं, काहून की त्यात एका माणसाच्या वर्षभराच्या कमाईचा सवाल आहे.

प्रश्न : भाऊ राम राम. माझ्याकडे जुना सहा चाकी ट्रक आहे, 697 इंजिन, वीस-बावीस वर्षं झाली असतील गाडीला, माझ्याकडे येऊन सात. परतवाड्याहून धारणीकडे किराणा, सिमेंट, खत असा माल नेतो आणि येताना सोयाबीन भेटलं तर भेटलं नाहीतर रिकामी आणतो. दोन महिन्यांपासून इंजिनमधून खटखट खटखट असा आवाज येऊन राहिला. सकाळी चालू केली की पाच-सात मिनिट लय वाजते मग कमी होते. परतवाडा सोडल्यावर घटांगपर्यंत पूर्ण चढ आहे, गाडी फुल लोड, तरी आवाज नाही. पण घटांगहून खाली सेमाडोहकडे उतरायला लागलो की पुन्हा सुरू, अन् उतार संपून थोडं सपाटीला आलो की बंद. तीन मिस्त्र्यांना दाखवली. एक म्हणे पिस्टन ढिले झाले, थंडीत वाजते गरम झालं की फुगून बसते. दुसरा म्हणे बिगेंड (पिस्टनच्या दांड्याचं खालचं बेअरिंग) गेलं. तिसरा म्हणे काही पाहू नका, सरळ इंजिन उतरवा, लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन, बेअरिंग सगळं टाका, सव्वा लाख धरून चाला. भाऊ एवढे पैसे सोसायटीचं कर्ज घेतल्याशिवाय होत नाहीत. ऑइल खात नाही, धूर जास्त नाही, पिकअपही बरा आहे. खरंच इंजिन खोलाव लागन का? ता. क. – हवेच्या टाकीचा नळ सोडला की आजकाल पाण्यासोबत काळं तेल येते, आणि हवा भरायलाही आधीपेक्षा टाइम लागते, हे जुन्या गाडीत असंच राहते का?
(एक ट्रकमालक, अचलपूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : दादा, इंजिन खोलू नका. निदान आठ दिवस तरी खोलू नका, आणि खाली सांगतो ते करून पाहा, सगळं मिळून तासाभराचं काम आहे आणि खर्च काही नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकली. मी पत्र वाचत वाचत आलो तेव्हा माझ्याही मनात आधी पिस्टनच आला, पण घाट उतरताना वाजते आणि चढताना वाजत नाही हे वाचून थांबलो, आणि टाकीतून काळं तेल येते म्हटल्यावर तर पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझा संशय तुमच्या एअर कंप्रेसरवर आहे. इंजिनला चिकटून बसलेला तो छोटा एका सिलिंडरचा पंप, जो ब्रेकसाठी हवा भरतो. त्यालाही स्वतःचा पिस्टन असतो, रिंगा असतात, कनेक्टिंग रॉड असतो, आणि त्याचं बेअरिंग झिजलं की तो अगदी इंजिनच्या बेअरिंगसारखाच ठोकतो. इंजिनला बोल्टनी आवळलेला असल्यामुळे आवाज सगळ्या ब्लॉकमधून फिरतो आणि बॉनेट उघडून उभ्या माणसाला वाटते की इंजिनच वाजून राहिलं.

आता उताराचं गणित पाहा. उताराला तुम्ही गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढता. तेव्हा चाकं इंजिनला ढकलत असतात आणि डिझेल पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडून टाकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाळायला काही जातच नाही. जाळ नाही तर नोझलचा, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीचा ठोका येणार कुठून? दाब सगळ्यात जास्त असतो तो चढावर, फुल लोडला, पाय खाली दाबलेला असताना, आणि बिगेंड ढिलं असलं किंवा एखादं नोझल मुतत, म्हणजे थेंब थेंब गळत असलं तर त्याची बोंब तिथेच जास्त झाली पाहिजे. तुमची गाडी घटांगच्या चढाला गप आहे. (चढावर इंजिनचाच आवाज मोठा असतो त्यात बारीक आवाज दबू शकतो हे खरं आहे, म्हणून एवढ्यावर मी निकाल देत नाही, पण तुम्ही सात वर्षं तीच गाडी चालवता, तुमच्या कानावर माझा भरोसा आहे.)

मग उताराला असं काय होते जे चढाला होत नाही? ब्रेक. उताराला तुमचा पाय घडीघडी ब्रेकवर जातो, दरवेळी टाकीतली हवा खर्च होते, टाकीचं प्रेशर उतरते आणि कंप्रेसर पुन्हा दाबाखाली भरायला लागतो. चढावर ब्रेक लागतच नाही, टाकी भरलेली असते, अनलोडर व्हॉल्व्ह (टाकी भरली की जास्तीची हवा सोडून देणारा) उघडा असतो आणि कंप्रेसर नुसता हवेत फिरत असतो, त्याच्यावर भार नाही म्हणून वाजत नाही. सकाळचंही तसंच आहे. रात्रभरात टाकी रिकामी होते, चालू केल्याबरोबर कंप्रेसर पाच-सात मिनिट जीव तोडून भरते, भरली की फुस्स करते आणि आवाज कमी. तुमच्या पहिल्या मिस्त्रीनं यालाच थंड पिस्टनचा आवाज म्हटलं. त्याचं म्हणणं अगदी हवेतलं नाही, जुना पिस्टन थंडीत लायनरला खरंच थापा मारते आणि गरम होऊन फुगला की शांत होते. दोन्ही आवाज सकाळीच येतात आणि थोड्या वेळाने जातात, म्हणूनच माणूस फसतो.

हे दोन वेगळे कसे करायचे ते आता नीट वाचा, घाई करू नका.

दुपारी गाडी चांगली पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा, इंजिन पूर्ण गरम पाहिजे. सपाट जागेवर उभी करा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि चाकाला पुढून मागून दोन्हीकडून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे. हे दगड विसरू नका, आपण मुद्दाम ब्रेकची हवा सोडणार आहोत, आणि गाडीखाली कोणी जायचं नाही. इंजिन चालू ठेवून हवेचा काटा पूर्ण वर येऊ द्या. जुन्या गाड्यांमध्ये साधारण 7 ते 8 बारला अनलोडर सुटते, फुस्स असा आवाज येतो, तो आला की एक मिनिट नुसतं ऐका. मग घरच्या एखाद्याला सीटवर बसवून ब्रेक दहा-बारा वेळा पूर्ण दाबून सोडायला सांगा, काटा 5 च्या खाली आणा. तुम्ही समोर उभे राहून ऐका. खटखट सुरू झाली? आता पुन्हा भरू द्या, ब्रेकला हात-पाय नाही लावायचा, आणि फुस्स होईपर्यंत ऐकत राहा. फुस्स झाल्याबरोबर आवाज मेला किंवा एकदम नरम पडला तर समजा की ठोकणारा सापडला. एकदा नाही, तीनदा करा. गरम इंजिनमध्ये हवा सोडली की आवाज येते आणि हवा भरली की जाते, म्हणजे त्याचा थंडी-गरमीशी संबंध नाही, म्हणजे तो पिस्टनचा थाप नाही.

याच्यावरही मन नाही भरलं तर दुसरी परीक्षा. इंजिन बंद करून थंड होऊ द्या (कंप्रेसरहून टाकीकडे जाणारा पाइप लय गरम असतो, हात भाजतो) आणि तो पाइप कंप्रेसरच्या डोक्यावरून खोला. खोललेल्या पाइपात आधी डोकावून पाहा. आत डांबरासारखा काळा कोळसा चिकटलेला दिसला, भोक करंगळीएवढं होतं ते काडीएवढं राहिलं असलं तर हवा भरायला टाइम का लागते तेही तिथेच समजलं. आता पाइप खुला ठेवून इंजिन मिनिटभर चालवा. कंप्रेसरला ढकलायला काही नाही, भार शून्य, आवाजही नसला पाहिजे. काही गाड्यांत कंप्रेसर पट्ट्यावर चालते, तुमचं तसं असेल तर पट्टा उतरवून चालवलं तरी तेच समजते, पण त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल तर मिनिटाच्या वर चालवू नका.

तिसरी गोष्ट लांब पेचकसाची. एक हातभर लांबीचा लोखंडी पेचकस घ्या, टोक कंप्रेसरच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडाला टेकवा, इंजिन चालू. मग टोक टायमिंग कव्हरवर, मग टॅपेट कव्हरवर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण), मग ब्लॉकच्या बाजूनं एकेका सिलिंडरपाशी, शेवटी ऑइल सम्पपाशी (इंजिनखालची तेलाची परात). जिथे आवाज हातात ठोकल्यासारखा कडक लागते तिथे त्याचं घर. हे करताना गळ्यातला दुपट्टा काढून सीटवर ठेवा आणि शर्टाच्या बाह्या वर करा, पंखा कोणाची वाट पाहत नाही. कंप्रेसरपेक्षा टायमिंग कव्हरवर जास्त कडक आवाज आला तर मग कंप्रेसर चालवणाऱ्या गिअरमध्ये खेळ वाढला असू शकते. कंप्रेसर दाबाखाली आला की तो गिअरला झटके देते आणि ढिले दात एकमेकांवर आदळतात, म्हणून तो आवाजही हवेच्या काट्यासोबतच येतो-जातो. ते काम कंप्रेसरपेक्षा मोठं आहे पण पूर्ण इंजिनपेक्षा लय छोटं आहे.

तुमच्या ता. क. चं उत्तर – नाही, जुन्या गाडीत असंच नसते. टाकीतून थोडं पाणी येणं बरोबर आहे, हवेतला ओलावाच तो, पावसाळ्यात जास्त येते. काळं तेल येणं बरोबर नाही. कंप्रेसरला तेल इंजिनचंच मिळते, त्याच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले की तेल वर चढते आणि हवेसोबत टाकीत जाते. तुम्ही म्हणता इंजिन ऑइल खात नाही, बरोबर आहे, थोडं थोडं जाऊन राहिलं असेल म्हणून डिपस्टिकवर लक्षात येत नाही, पण टाकीच्या नळातून दिसते. हे तेल टाकीतच राहत नाही, पुढे ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत आणि चाकाच्या चेंबरपर्यंत जाते, तिथले रबर फुगवून नरम करते. एक दिवस घाटात पाय दाबला आणि ब्रेक उशिरा लागला किंवा एका चाकाला लागलाच नाही, असं झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको, घटांगचे वळणं तुम्ही रोज पाहता. म्हणून माझं हात जोडून म्हणणं आहे की परीक्षा करून कंप्रेसरचं काम होईपर्यंत लोड घेऊन घाटात जाऊ नका, सपाटीचं भाडं मारा. आणि जेव्हा जाल तेव्हा ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करून तर कधीच नाही.

कंप्रेसरचं काम म्हणजे काय, तर तो उतरवून रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह प्लेट बदलायची, सिलिंडर जास्त कापलेला असेल तर तोही, नाहीतर दुरुस्त केलेला दुसरा कंप्रेसर जुन्याच्या बदल्यात बसवून मिळतो. इंजिनच्या खर्चासमोर हा खर्च काही नाही. पण त्यासोबत तो कोळसा धरलेला पाइप बदलायला लावा किंवा जाळून साफ करून घ्या, नाहीतर नवा कंप्रेसरही त्याच पाइपात हवा कोंबून सहा महिन्यांत गरम होऊन बसेल. टाक्या पूर्ण रिकाम्या करा, ब्रेक व्हॉल्व्हचे आणि चेंबरचे रबर तपासून घ्या. आणि कंप्रेसरला तेल आणणारी बारीक नळी चोंदली तर नाही ना ते मिस्त्रीला पाहायला सांगा, पुष्कळदा बेअरिंग मरते ते तेल न मिळाल्यानेच.

आणि समजा तिन्ही परीक्षांत कंप्रेसर निर्दोष सुटला, तर? तेव्हाही डायरेक्ट इंजिन उतरवायचं नाही. पूर्ण गरम इंजिनचं आयडलिंगवरचं ऑइल प्रेशर वेगळं गेज लावून मोजा, डॅशबोर्डच्या जुन्या काट्यावर विश्वास ठेवू नका. ऑइल काढून ते नळाखालच्या चाळणीतून गाळा आणि जुना फिल्टर कापून उन्हात उघडा धरा. चांदीसारख्या किंवा तांब्याच्या रंगाच्या चकत्या चमकल्या तर बेअरिंग चाललं, मग मात्र गाडी तिथेच उभी, दुसरा मिस्त्री बरोबर म्हणत होता असं समजायचं. नुसतं काळं ऑइल आहे, चकत्या नाहीत, प्रेशर टिकून आहे, तर बिगेंडचं नाव घेणारा अंदाजाने बोलून राहिला.

मला हे इतक्या तपशिलात का सांगावं वाटलं तेही सांगतो. बरीच वर्षं झाली, कापसाचा सीझन होता, जिनिंगला कापूस नेणारी एक गाडी माझ्याकडे अशीच आली. मालक म्हणे खटखट येते, मी ऐकलं, मलाही बिगेंड वाटलं आणि मी इंजिन खोललं. लायनर ठीक, बेअरिंगवर थोडी झीज, ती तर प्रत्येक जुन्या इंजिनमध्ये असते. खोललंच आहे तर म्हणून सगळं नवं टाकलं, सोळा दिवस गाडी माझ्या शेडमध्ये, तिकडे जिनिंगच्या गेटवर दुसऱ्यांच्या गाड्यांची रांग. सतराव्या दिवशी इंजिन चालू केलं आणि तीच खटखट. त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलो नाही. तो काही बोलला नाही, फक्त बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. शेवटी कंप्रेसरचा रॉड निघाला. मजुरी मी परत केली पण सीझनचे सोळा दिवस कसे परत करणार. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये आवाजाची गाडी आली की पहिला प्रश्न हा असते की आवाज कधी येते, कुठून येते ते नंतर.

एक जाता जाता. 697 हा आकडा बरेच जण नुसता नाव म्हणून घेतात. 6 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा बोअर 97 मिलिमीटर. स्ट्रोक 128, सगळं मिळून 5,675 सीसी. 497 म्हणजे तोच 97 चा बोअर पण चार सिलिंडर. जुनं आणि दणकट इंजिन आहे, ऑइल वेळेवर बदललं तर लवकर मान टाकत नाही.

प्रश्न : माझी छोटी माल गाडी आहे, भाजीपाला आणतो. उभी असताना न्यूट्रलमध्ये घर्रर्र असा आवाज येते, क्लच दाबला की पूर्ण बंद. माझा मित्र म्हणते इंजिनचं मेन बेअरिंग गेलं. पण मग क्लच दाबल्यावर कसं बंद होते?
(हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर : तुमचा प्रश्नच तुमचं उत्तर आहे. क्लच दाबला तरी इंजिन तर फिरतच असते, मेन बेअरिंगचा आवाज बंद व्हायचं काही कारण नाही. क्लच दाबल्यावर थांबते तो गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, ज्याला आपल्याकडे टॉप शाफ्ट म्हणतात. त्याचं बेअरिंग खराब आहे, किंवा गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी आहे. आधी गिअरबॉक्सच्या बाजूचा लेव्हल प्लग खोलून बोट आत घालून पाहा, तेल बोटाला लागलं पाहिजे. तेल असेल तर बेअरिंग. याच्या उलट असतं, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर रिलीज बेअरिंग. दोन्हीत गिअरबॉक्स उतरवावाच लागते, तर एकदा उतरवल्यावर क्लच प्लेट आणि दोन्ही बेअरिंग बघून घ्या, मजुरी दोनदा देऊ नका.

प्रश्न : सर, डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सकाळी लय गारठा असते. ट्रक सकाळी चालू केला की पांढरा धूर आणि इंजिनमधून कडकड कडकड असा कोरडा आवाज, जणू हातोडीने मारून राहिले. दहा मिनिटांनी धूर जाते आणि आवाजही अर्धा होते, पण पूर्ण नाही जात. दिवाळीआधी नोझल आणि पंपाचं काम केलं होतं, तेव्हापासून पिकअप वाढला पण हा आवाजही तेव्हापासूनच आहे. ब्रेकच्या हवेचा काही संबंध नाही, ते मी पाहिलं.
(मंगरूळपीर, जि. वाशिम)

उत्तर : पंपाचं काम झालं तेव्हापासून आवाज, ही तारीख धरून ठेवा.

डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसते, हवा दाबून दाबून गरम करायची आणि त्यात डिझेल फवारायचं, ते आपोआप पेटते. पण फवारल्याबरोबर पेटत नाही, मध्ये एक बारीकसा क्षण जाते. इंजिन थंड असलं की तो क्षण लांबतो, तेवढ्यात जास्त डिझेल गोळा होते आणि मग एकदम भडकते, तोच तुम्हाला हातोडीसारखा ऐकू येते. जे पेटलं नाही ते पांढरा धूर होऊन बाहेर जाते. थोडा आवाज थंडीत प्रत्येक जुन्या डिझेलला असतो. पण पंप बसवताना टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, पुढे ठेवलं असेल, पिकअप यावा म्हणून काही जण मुद्दाम ठेवतात, तर डिझेल आणखीच लवकर पडते, तेव्हा हवा पुरती दाबून गरमच झाली नसते, आणि ठोका गरम इंजिनमध्येही राहते. तुमचा अर्धा राहिलेला आवाज मला त्यातला वाटते. पंपवाल्याकडे जाऊन टायमिंग कंपनीच्या खुणेवर आणायला सांगा, पिकअप थोडा कमी वाटला तरी चालेल, काहून की असा ठोका रोज खाल्ला तर पिस्टनचं डोकं आणि बेअरिंग दोन्ही लवकर जातात.

त्याआधी एक खात्री करा की आवाज सगळ्या सिलिंडरचा आहे की एकाच. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलचा पाइपचा नट जरासा ढिला करायचा, अर्धा आटा, बस. ज्या सिलिंडरचा नट ढिला केला तिथला जाळ बंद होते. इंजिन थोडं अडखळेल, आणि कडकडही एकदम थांबली तर दोषी तोच. नट आवळून पुढच्याकडे जा. एकच सिलिंडर दोषी निघाला तर त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरमध्ये बदलून टाका (तांब्याचं वॉशर नवीनच टाकायचं, जुनं नाही), आवाज नोझलसोबत शेजारी गेला तर नोझल खराब, तिथेच राहिला तर सिलिंडरचं दुखणं. सगळेच सारखे वाजत असले तर टायमिंग.

पण हे करताना एक गोष्ट जीव ओतून सांगतो. त्या पाइपात डिझेलचा दाब दोनशे बारच्या वर जाते. ढिल्या नटातून सुईसारखी धार येते, तिच्यासमोर बोट, तळहात, तोंड काही आणायचं नाही, नटाभोवती जाड फडकं गुंडाळायचं, डोळ्याला चष्मा, आणि खाली गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर डिझेल सांडू द्यायचं नाही. ती धार कातडीतून आत घुसते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसते, दुखतही नाही फारसं, आणि पोरगं म्हणते काही नाही झालं. झालेलं असते. आत गेलेलं डिझेल मांस सडवते, बोट कापावं लागू शकते. असं झालं तर हळद नाही, पट्टी नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं डिझेल हातात घुसलं. तुमच्याजवळ हे करणारा अनुभवी माणूस नसेल तर सरळ पंपवाल्याकडे जा, स्वतः करू नका.

टॅपेटही (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) एकदा पाहून घ्या, टिकटिक हलका आवाज त्याचा असतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनच्या वेगापेक्षा सावकाश वाटते. त्याच्या गॅपचा आकडा इंजिनप्रमाणे वेगळा असतो, इनलेटचा वेगळा आणि एक्झॉस्टचा वेगळा, तो पुस्तकात किंवा कव्हरवरच्या पट्टीवर असेल तोच ठेवा, अंदाजाने कागद घालून नाही, फीलर गेजनेच.

प्रश्न : दुकानदार म्हणते इंजिनचा आवाज येत असेल तर जाड ऑइल टाका, सोबत एक डब्बी मिळते तीही टाका, आवाज बंद होते. टाकू का? गाडी 15 वर्षं जुनी आहे, आवाज खालून सम्पकडून येते, गरम झाल्यावर जास्त.
(घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : नका टाकू. आवाज खरंच कमी होईल, म्हणूनच नका टाकू. बेअरिंग आणि क्रँकमध्ये केसाएवढी फट असते, ती वाढली की ठोका येते, आणि जाड ऑइल ती फट चिखलासारखी भरून टाकते, म्हणजे दुखणं तसंच राहिलं आणि ऐकू येणं बंद झालं. वरून थंड सकाळी ते जाड ऑइल वर चढायला उशीर लावते, आणि चालू केल्यानंतरचे पहिले काही सेकंद बेअरिंग कोरडं घासते. तुमच्या गाडीला जे ऑइल सांगितलं आहे, जुन्या ट्रकना बहुतेक 15डब्ल्यू-40, तेच ठेवा.

तुमचा आवाज गरम झाल्यावर वाढते आणि खालून येते, हे लक्षण मला बरं वाटत नाही. गरम झालं की ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगमधून प्रेशर निसटते. आजच डिपस्टिक काढून ऑइल दोन बोटांत चोळून वास घ्या. डिझेलचा वास आला किंवा लेव्हल न टाकता वर गेलेली दिसली तर कुठून तरी डिझेल ऑइलमध्ये उतरून राहिलं, फीड पंप किंवा नोझलचा रिटर्न पाइप आधी पाहा, ते थांबवून ऑइल बदललं की अर्धा आवाज तसाच जाऊ शकते. वास नसेल तर गाडी भाड्याला न पाठवता जवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या आणि गरम इंजिनला गेज लावून आयडलवरचं आणि 1,500 आरपीएमवरचं प्रेशर मोजून घ्या. ते दोन आकडे आणि फिल्टर कापल्यावर काय दिसलं ते मला लिहून पाठवा, त्यावरून नुसते बेअरिंग टाकून भागेल की क्रँकही काढावा लागेल ते सांगतो.